पाँटून बोट खाऱ्या पाण्यात उतरवताना: तयारी आणि देखभाल

पाँटून बोट मुळात तळ्यासाठी जन्माला आली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात अॅम्ब्रोस वीरेस या शेतकऱ्याने पोलादी पिंपं एकाला एक जोडली, त्यांच्या दोन रांगांवर लाकडी मंच बसवला आणि तिथून ही बोट पुढे आली. पिंपांच्या जागी आता अॅल्युमिनियमच्या ट्यूब आहेत, मंचावर सोफे आणि छत आलं आहे, पण आराखड्यामागची समजूत अजून तीच आहे: पाणी गोडं, शांत आणि लाटा नावापुरत्या. त्यामुळे अशी बोट खाडीत किंवा समुद्राच्या आडोशाला न्यायची तर तिला आधी तयार करावं लागतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पाणी गोड्या पाण्याच्या शेकडो पटींनी वीज वाहून नेतं. शिवाय त्यातलं क्लोराइड अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर जागोजागी फोडतं. तरीही अॅल्युमिनियम समुद्रात टिकत नाही असं मुळीच नाही. गस्ती नौका आणि फेरीबोटी त्याच धातूच्या असतात आणि वर्षानुवर्षं चालतात. खाऱ्या पाण्यात पाँटून बोट खराब होते ती तीन कारणांनी: अॅल्युमिनियमला टेकलेला दुसरा धातू, सांध्याकोपऱ्यात अडकून राहिलेला खारट ओलावा आणि वायरिंगमधून झिरपणारी वीज. पुढची सगळी कामं या तिघांच्या बंदोबस्तासाठी आहेत. नुसती चकचकीत पॉलिश करून खाऱ्या पाण्यात उतरवलेली बोट पहिल्याच हंगामात पांढऱ्या भुकटीचे ठिपके दाखवायला लागते.

आधी बोट तपासा

मॅन्युअल काढा आणि ट्यूब कोणत्या मिश्रधातूची आहे ते बघा. बहुतेक पाँटूनच्या ट्यूब ५०५२ या मिश्रधातूच्या असतात. त्यात मॅग्नेशियम असतं आणि समुद्रासाठी तो चांगला आहे. पत्र्याची जाडी साधारण दोन ते अडीच मिलिमीटर. जाडी जास्त तितकं बरं, कारण खड्डे पडायला लागले की हाताशी वेळ उरतो. वॉरंटीचा मजकूरही याच वेळी वाचून घ्या. अनेक उत्पादक खाऱ्या पाण्यातला वापर वॉरंटीतून वगळतात किंवा त्यासाठी कारखान्यातून बसवून मिळणारं सॉल्टवॉटर पॅकेज सक्तीचं करतात. नवी बोट घेत असाल तर ते पॅकेज घ्याच. अॅनोडसाठी (ट्यूबऐवजी झिजणारा धातूचा तुकडा, पुढे सविस्तर) वेल्ड केलेल्या पट्ट्या आणि दर्जेदार स्टेनलेसचे नटबोल्ट नंतर बसवायला गेलं की काम दुप्पट होतं.

मग ट्यूबची गळती तपासा. प्रत्येक ट्यूब आतून आडव्या भिंतींनी वेगवेगळ्या कप्प्यांत विभागलेली असते. कप्प्याला ड्रेन प्लग असेल तर तो काढून पाणी निघतं का बघा. शंका असेल तर दोन-तीन पीएसआय इतक्याच हलक्या दाबाने हवा भरा, वेल्डच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडे शोधा. टायर भरायचा कंप्रेसर थेट जोडू नका. जास्त दाबाने ट्यूब फुगून वेल्ड फाटतो. खारं पाणी आत शिरलं तर ते बाहेरून कधीच दिसत नाही आणि धुताही येत नाही, म्हणून ही तपासणी पाण्यात उतरण्याआधीच व्हायला हवी.

डेककडे फारसं कोणी बघत नाही, पण माझ्या मते पाँटूनमधली सगळ्यात फसवी जागा तीच. डेकच्या प्लायवुडवर कीड आणि बुरशी लागू नये म्हणून प्रक्रिया केलेली असते आणि त्यातल्या बऱ्याच रसायनांत तांबं असतं. असं प्लायवुड खाऱ्या पाण्याने भिजलं आणि अॅल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांवर टेकलेलं राहिलं की तांबं झिरपून पट्टीवर उतरतं आणि ती आतून खात जातं. वरून गालिचा, खालून अंधार, त्यामुळे पत्ता लागतो तो डेक दबायला लागल्यावर. एखाद्या कडेचे स्क्रू काढून फळी उचला आणि पट्टीची वरची बाजू बघा. पांढरी भुकटी किंवा फुगलेला रंग दिसला तर फळ्या काढणं भाग आहे. परत बसवताना मध्ये रबराची किंवा प्लास्टिकची सलग पट्टी घाला. डेक बदलायचाच असेल तर तांब्याची प्रक्रिया नसलेलं मरीन प्लाय किंवा अॅल्युमिनियमचा डेक निवडा. डेकवर चिकटवलेला गालिचाही काढून टाका आणि विनाइल घाला. खाऱ्या पाण्याने भिजलेला गालिचा पूर्ण वाळत नाही, कारण मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं.

वेगळ्या धातूंचे सांधे

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी बनते आणि त्यातला जास्त सक्रिय धातू विरघळतो. अॅल्युमिनियम आणि स्टेनलेसच्या जोडीत बळी जातो तो अॅल्युमिनियमचा. यात आकाराचा हिशेबही असतो. मोठ्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यात एक छोटा स्टेनलेस स्क्रू असेल तर नुकसान हळूहळू होतं. उलट मोठा स्टेनलेसचा तुकडा छोट्या अॅल्युमिनियमच्या रिव्हेटने बसवला असेल तर रिव्हेटची डोकी लवकरच गळून पडतात. छताच्या बिजागऱ्या, शिडी, दोर बांधायचे क्लीट या जागा याच नजरेने तपासा.

नटबोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या. ३०४ स्वस्त पडतं, पण समुद्राच्या तुषारांनी त्यावर तांबूस डाग येतात आणि आडोशाच्या जागी खड्डे पडतात. पितळ आणि तांबं अॅल्युमिनियमजवळ फिरकूही देऊ नका. साधं गॅल्व्हनाइज्ड सामान काही काळ चालतं, पण जस्ताचा थर संपला की खाली लोखंड उघडं पडतं.

बोल्ट बसवण्याची रीत अशी. जुना बोल्ट काढा आणि भोक नायलॉनच्या ब्रशने साफ करा. स्टीलचा तारेचा ब्रश किंवा स्टीलवूल वापरू नका, कारण लोखंडाचे कण अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि प्रत्येक कणाभोवती एक खड्डा सुरू होतो. बोल्टच्या आट्यांना सांध्यांसाठी मिळणारी गंजरोधक पेस्ट भरपूर लावा. डोक्याखाली आणि नटाखाली नायलॉनचा वॉशर घाला. दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर बसत असतील तर मध्ये प्लास्टिकचा पातळ तुकडा ठेवा. आटे अडकू नयेत म्हणून लावतात ती तांब्याची किंवा ग्रॅफाइटची अँटीसीझ पेस्ट इथे घातक आहे. दोन्ही पदार्थ अॅल्युमिनियमला पोखरतात. याच कारणाने अॅल्युमिनियमवर शिसपेन्सिलीने खुणाही करू नयेत, मार्कर वापरावा. मासेमारीचं शिसं आणि पितळी आकडे डेकच्या फटीत पडून राहणार नाहीत हेही बघा. ओल्या कोपऱ्यात तेवढं पुरतं.

ट्यूबला भोक मात्र कधीच पाडू नका, कितीही छोटं असलं तरी. काही जोडायचं असेल तर वेल्ड केलेल्या पट्टीला जोडा.

अॅनोड

अॅनोड म्हणजे मुद्दाम झिजू दिलेला धातूचा तुकडा. तो अॅल्युमिनियमपेक्षा जास्त सक्रिय असतो, म्हणून आधी तो झिजतो आणि ट्यूब वाचते. बाजारात तीन प्रकार मिळतात आणि इथे निवड चुकली की सगळी मेहनत वाया जाते.

मॅग्नेशियमचा अॅनोड फक्त गोड्या पाण्यासाठी. तळ्यात वापरलेल्या बोटीवर बहुधा तोच असतो, म्हणून समुद्रात नेण्याआधी तो काढाच. खाऱ्या पाण्यात तो फार लवकर संपतो, आणि त्याचा जोर इतका जास्त असतो की रंग फुगतो आणि पृष्ठभागावर तयार होणारा अल्कली अॅल्युमिनियमलाच खातो. जस्ताचा अॅनोड निव्वळ समुद्रात ठीक चालतो, पण मचूळ किंवा गोड्या पाण्यात त्यावर थर बसतो आणि तो काम थांबवतो. अॅल्युमिनियमच्या खास मिश्रधातूचा अॅनोड समुद्रात आणि नदीच्या मुखाशी, दोन्हीकडे चालतो. पाँटूनसाठी माझी पसंती निःशंकपणे यालाच आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा: बोटीवर आणि इंजिनवर सगळीकडे एकाच प्रकारचे अॅनोड हवेत. मिसळ केली की जास्त सक्रिय अॅनोड दुसऱ्यालाही सांभाळत बसतो.

प्रत्येक ट्यूबला पाण्याखाली राहील असा किमान एक अॅनोड हवा, लांब बोटीला दोन. पट्टीचा पृष्ठभाग घासून चमकदार करा, अॅनोड घट्ट आवळा आणि मल्टिमीटरने अॅनोड ते ट्यूब असा रोध मोजा. तो एक ओमपेक्षा कमी यायला हवा. मध्ये रंग किंवा मळ असला तर अॅनोड नुसता लटकलेला राहतो. अॅनोडवर कधीही रंग लावू नका.

अॅनोड निम्मा झिजला की बदला. पाण्यातच राहणाऱ्या बोटीवरचा अॅनोड हंगामभर नवाकोरा राहिला तर खूश होऊ नका, बहुधा त्याचा विजेचा संपर्क तुटलेला आहे. आणि तो काही आठवड्यांत संपला तर बोटीत कुठेतरी वीज गळते आहे. ट्रेलरवर ठेवल्या जाणाऱ्या बोटीचा अॅनोड हवेत वाळून त्यावर कडक थर धरतो, तो अधूनमधून सँडपेपरने काढावा.

विजेची गळती

धातूंच्या बॅटरीचं नुकसान महिन्यांत मोजलं जातं. बारा व्होल्टची वायर सोलून ट्यूबशी किंवा पाण्याशी जोडली गेली तर मात्र काही दिवसांत पत्र्याला भोक पडू शकतं. म्हणून वायरिंगवर कंजूषी करू नका.

कथिलाचा मुलामा असलेली मरीन वायर घ्या. साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडत जाते, वरचं आवरण मात्र नवं दिसतं. टोकांना क्रिम्प करून (जोड दाबून बसवून) आतून डिंक असलेली, तापवल्यावर आकसणारी हीट श्रिंक नळी चढवा, जोड तळापासून उंच ठेवा, आणि प्रत्येक सर्किटला फ्यूज असू द्या. बोटीचा सांगाडा निगेटिव्ह वायर म्हणून वापरू नका. प्रत्येक उपकरणाची निगेटिव्ह वायर वेगळी बॅटरीपर्यंत आणा.

गळती शोधणं सोपं आहे. सगळे स्विच बंद करा, बॅटरीच्या पॉझिटिव्हची वायर काढा आणि ती वायर व बॅटरीचं टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर अँपिअरवर लावा. आकडा शून्य यायला हवा. रेडिओची मेमरी, पाणी उपसणाऱ्या पंपाचा स्वयंचलित स्विच यांसारखी नेहमी जोडलेली उपकरणं थोडा प्रवाह घेतील, ती धरून चाला. त्याहून जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल ते सर्किट दोषी.

धक्क्यावरच्या विजेला बोट जोडून ठेवत असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थिंगमधून येणारा गंजाचा प्रवाह अडवणारं उपकरण) बसवणं आवश्यक आहे. अर्थिंगच्या वायरमधून शेजारच्या बोटी तुमच्याशी जोडल्या जातात आणि तुमचे अॅनोड त्यांच्यासाठी झिजायला लागतात. चार्जिंग झालं की वायर काढून ठेवा.

तळाला रंग लावायचा की नाही?

दर फेरीनंतर बोट बाहेर काढत असाल किंवा लिफ्टवर ठेवत असाल तर तळाला अँटीफाउलिंग (शेवाळ आणि समुद्री जीव चिकटू न देणारा) रंग नको. पाण्यातच ठेवणार असाल तर दुसरा पर्याय नाही. उबदार समुद्रात काही दिवसांतच बार्नॅकल या कवचाच्या छोट्या समुद्री जीवाची पिल्लं चिकटतात, आणि बार्नॅकलच्या कवचाखाली प्राणवायू पोहोचत नसल्यामुळे नेमक्या तिथे खड्डा पडायला लागतो.

क्युप्रस ऑक्साइड असलेला रंग अॅल्युमिनियमला लावू नका. दुकानात सगळ्यात सहज मिळतो तोच, म्हणून डब्यावरचे घटक वाचा. तांबं नसलेला, अॅल्युमिनियमसाठी चालतो असं स्पष्ट लिहिलेला रंग घ्या. रंगवण्याचं काम असं:

१. प्रेशर वॉशरने मीठ आणि शेवाळ काढा, मग डिग्रीजरने तेलकटपणा पुसा. फडकं वारंवार बदला.

२. अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या ८० नंबरच्या पेपरने घासून पृष्ठभाग खरखरीत करा आणि धूळ पुसा.

३. त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, प्राइमर लावा. घासलेल्या अॅल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच परत चढायला लागतो आणि मग प्राइमरची पकड कमी होते.

४. इपॉक्सी बॅरिअरचे डब्यावर सांगितलेले सगळे थर द्या. हात आखडलात तर रंग ओरखड्याबरोबर निघून येईल आणि उघड्या पडलेल्या ठिपक्यावर सगळा मार येईल.

५. त्यावर अँटीफाउलिंगचे दोन थर, पाण्याच्या रेषेपाशी एक जास्त. अॅनोड आणि सोनारचा ट्रान्सड्यूसर टेपने झाका.

पाण्यात उतरवायच्या आधी किती वेळ वाळायला हवं ते त्या त्या रंगावर ठरतं. बार्नॅकल काढायला प्लास्टिकची पट्टी वापरा, लोखंडी उलथणं नको.

इंजिन

आऊटबोर्ड इंजिन थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत खेळतं. इंजिन बंद झालं की ते वाळतं आणि मीठ अरुंद वाटांमध्ये बसतं. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन धुणं हा नियम मोडू नका, फेरी दहा मिनिटांची असली तरीही.

गिअरकेसवर (इंजिनाच्या खालच्या, पंख्याजवळच्या भागावर) पाणी आत घेणाऱ्या जाळ्या असतात, त्यांच्यावर फ्लशिंगचे रबरी कप बसवा आणि नळ सोडा. पाणी सुरू झाल्यावरच इंजिन चालू करा. गिअर न्यूट्रलमध्ये, वेग आयडलचा, पंख्याजवळ कोणी नाही. मागच्या छोट्या छिद्रातून पाण्याची धार जोरात यायला हवी. ती बारीक झाली किंवा वाफाळली तर इंजिन बंद करा. दहा-पंधरा मिनिटं पुरेशी आहेत, कारण तोवर थर्मोस्टॅट उघडून गरम भागातही गोडं पाणी पोहोचतं. काही इंजिनांना वेगळं फ्लश तोंड असतं आणि ते इंजिन बंद ठेवूनच वापरायचं असतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये काय आहे ते बघा. शेवटी इंजिन सरळ उभं ठेवून सगळं पाणी निथळू द्या.

बोट पाण्यात उभी असेल तर गिअरकेस पाण्याबाहेर येईल इतकं इंजिन उचलून ठेवा. मात्र ब्रॅकेटखालचा अॅनोड पाण्यात राहतो का तेही बघा, इंजिनाच्या सांगाड्याचं संरक्षण त्याच्यावर आहे. इंजिनाचे अॅनोड एकाहून जास्त असतात, काही मॉडेलमध्ये तर सिलिंडर ब्लॉकच्या आतही. गिअर ऑइल दुधासारखं पांढरट निघालं तर सीलमधून पाणी शिरलं आहे. पंखा वर्षातून दोनदा तरी काढा: मागे गुंडाळलेला मासेमारीचा दोरा सील कापतो. शाफ्टला मरीन ग्रीस लावून पंखा परत चढवा, नाहीतर पुढच्या वेळी तो निघणार नाही. पाण्याच्या पंपाचा इंपेलर (आतलं पाणी ढकलणारं रबरी चाक) वाळूमिश्रित पाण्यात चालणाऱ्या इंजिनात दरवर्षी बदललेला बरा.

स्टिअरिंगच्या केबलला ग्रीस भरताना केबलचा दांडा पूर्ण आत घेतलेला असू द्या. तो बाहेर असताना ग्रीस भरलं तर दाबाने स्टिअरिंग अडकू शकतं.

परत आल्यावर धुणं

त्याच दिवशी धुवा. वरून खाली या: छत, रेलिंग, सीट, डेक, मग ट्यूब. पण खरी धुलाई डेकच्या खालची. आडव्या पट्ट्यांच्या खोबणीत, ट्यूबला जोडणाऱ्या ब्रॅकेटच्या मागे, पायरीच्या आतल्या कोपऱ्यात खारं पाणी थांबतं. होजला लांब दांड्याचं नोझल लावून तिथे आडव्या कोनातून पाणी मारा. बाग भिजवायचा स्प्रिंकलर बोटीखाली सरकवून काही मिनिटं चालू ठेवला तरी हे काम छान होतं. सौम्य साबण पुरतो. अॅल्युमिनियम चमकवणारे आम्लयुक्त क्लीनर वर्षातून एखाद्या वेळी ठीक आहेत, पण ते गॅल्व्हनाइज्ड ट्रेलरवर पडू देऊ नका आणि हातमोजे-चष्म्याशिवाय हात लावू नका. हायड्रोक्लोरिक आम्ल अजिबात नको.

सीटच्या विनाइलवर वाळलेल्या मिठाचे स्फटिक सँडपेपरचं काम करतात, म्हणून आधी भिजवा, मग पुसा. ब्लीचने शिलाईचा दोरा कुजतो. गाद्या उभ्या करून वाळवा आणि हवा खेळेल असं कव्हर घाला.

ट्रेलर

लांबच्या प्रवासाने तापलेलं बेअरिंग थेट पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी ओढलं जातं. उताराशी पोहोचल्यावर थोडं थांबा, चाकाची कॅप हाताला गार लागू द्या. परतल्यावर बेअरिंग आणि ब्रेक धुवा. ट्रेलरच्या ज्या लाकडी पट्ट्यांवर ट्यूब टेकतात त्यांचं लाकूडही तांब्याच्या प्रक्रियेचं असू शकतं. वर ओला गालिचा आणि त्यावर आख्ख्या बोटीचं वजन. ट्यूबच्या तळाला लांबट रेषेत खड्डे पडले असतील तर ते इथूनच. गालिचा काढून जाड प्लास्टिकच्या पट्ट्या बसवा.

पाण्यावर

पाँटूनची जागा आडोशाच्या पाण्यापुरती आहे: खाडी, नदीचं मुख, बंदिस्त उपसागर. बाजू कमी उंचीच्या असल्यामुळे समोरची उंच लाट थेट डेकवर येते, आणि पुढे माणसं बसली असतील तर नाक आणखी खाली जातं. लाटा असताना वजन मागे घ्या आणि वेग कमी करा. दोनऐवजी तीन ट्यूबची बोट समुद्राला कितीतरी बरी. वारा आणि ओहोटी एकमेकांविरुद्ध असतील तर खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात, ती वेळ टाळा. उंच छत वारा धरतं, म्हणून नांगर मोठा घ्या, त्याला साखळी जोडा आणि दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट सोडा. प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवंच.

खड्डे सापडले तर

महिन्यातून एकदा ट्यूबवरून हाताचं बोट फिरवा. पांढरी भुकटी दिसली की ती प्लास्टिकच्या ब्रशने काढा, गोड्या पाण्याने धुवा आणि खाली काय आहे ते बघा. नुसता खरखरीतपणा असेल तर साफ करून प्राइमर लावणं पुरतं. उथळ खड्डा घासून अॅल्युमिनियमचा इपॉक्सी भरता येतो. मात्र त्याआधी कारण शोधा: जवळ कोणता बोल्ट आहे, अॅनोडचा संपर्क आहे का, वीज गळते का. कारण तसंच ठेवून भरलेला खड्डा शेजारी दुसरा काढतो.

खड्डा पत्र्याच्या निम्म्या जाडीपर्यंत गेला असेल किंवा वेल्डच्या सांध्यालगत असेल तर अॅल्युमिनियमचं काम जाणणाऱ्या वेल्डरकडे न्या. वेल्डिंगआधी बॅटरी आणि इंजिनाची इलेक्ट्रॉनिक जोडणी सोडवा, नाहीतर इंजिनाचा कंट्रोल युनिट जळू शकतो. त्या कप्प्याचा प्लग उघडा ठेवा, बंद ट्यूबमधली हवा तापून प्रसरण पावते. ट्यूबमध्ये फोम भरलेला असेल तर ते वेल्डरला आधी सांगा, कारण तो पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. वेल्ड गार झाल्यावर ट्यूबची हलक्या दाबाची तपासणी पुन्हा करा आणि मगच बोट पाण्यात उतरवा.